आऊटबोर्डचा धूर : ऑइल बदलण्याआधी आणि बदलताना

टू-स्ट्रोक आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायची मोटर, धूर सोडते म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: ऑइल बदला. मीही तेच केलं होतं. माझी पंधरा हॉर्सपॉवरची, दोन सिलिंडरची, कार्ब्युरेटरवाली जुनी मोटर. चालू केली की मागे निळसर ढग, स्लोवर चालवत राहिलं की ढग दाट, आणि अर्ध्या तासाने रेस दिली की काठावरची माणसं वळून बघतील एवढा धूर. एका हंगामात तीन ऑइलं बदलली. दर वेळी पहिल्या दिवशी वाटायचं, फरक पडला. आठवड्याने ढग परत हजर. शेवटी दोष सापडला तो दोन ठिकाणी, आणि दोन्हींचा ऑइलच्या बाटलीशी काडीचा संबंध नव्हता. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

म्हणून ऑइलच्या दुकानाकडे वळण्याआधी एकच प्रश्न स्वतःला विचारा. धूर पहिल्यापासून एवढाच आहे, की अलीकडे वाढला? ऑइल तेच, प्रमाण तेच, चालवण्याची पद्धतही तीच आणि धूर मात्र वाढला, तर दोष मोटरीत किंवा टाकीत आहे. ऑइल बदलून तो फार तर झाकला जाईल. मोटर ठणठणीत आहे, हिशोब बरोबर आहे आणि तरी धूर खटकतो, तेव्हाच ऑइलच्या निवडीने खरा फरक पडतो. बरेच जण हा क्रम उलटा लावतात.

धूर येतो कुठून

फोर-स्ट्रोकमध्ये ऑइल खाली साठवलेलं असतं आणि तेच पुन्हापुन्हा फिरतं. टू-स्ट्रोकमध्ये ते एकदाच वापरलं जातं. पेट्रोलबरोबर आलेलं ऑइल क्रँककेसमध्ये, म्हणजे क्रँक फिरतो त्या बंद कप्प्यात, धुक्यासारखं पसरतं, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांना, पिस्टनला वंगण देतं आणि मग सिलिंडरमध्ये जाऊन जळतं. जळतं म्हणजे जळायला हवं. पेट्रोलची वाफ चटकन होते, ऑइलची होत नाही. जे जळायचं राहतं ते गरम वाफ होऊन बाहेर पडतं आणि हवेत थंड झाल्यावर त्याचे अतिसूक्ष्म थेंब बनतात. एवढ्या बारीक थेंबांवरून निळा प्रकाश जास्त विखुरतो, म्हणून हा धूर निळसर दिसतो.

शिवाय ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरत असतं त्याच वेळी एक्झॉस्टचं तोंडही उघडं असतं. काही मिश्रण न जळताच निसटतं. जुन्या कार्ब्युरेटरच्या मोटरींत हा वाया जाणारा वाटा चौथ्या हिश्शापर्यंत, कधी त्याहूनही वर जातो. त्यातलं ऑइल सरळ धुरात आणि पाण्यावरच्या तवंगात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये आऊटबोर्डच्या उत्सर्जनाचे नियम केले आणि १९९८ पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले, ते याच कारणाने. त्यानंतर मोठे उत्पादक फोर-स्ट्रोककडे किंवा सिलिंडरमध्ये थेट इंधन फवारणाऱ्या टू-स्ट्रोककडे वळले. म्हणजे साध्या कार्ब्युरेटरच्या मोटरीला शून्य धुराचं ऑइल कुणी विकत असेल, तर त्याच्याकडे हसून बघावं आणि पुढे जावं.

स्लोवर धूर जास्त का, हेही लक्षात घ्यायला हवं. कमी रेसवर सिलिंडरमध्ये जुना जळका वायू बराच उरतो, ताजं मिश्रण त्यात पातळ होतं आणि दर फेरीला पेट घेत नाही. एक-दोन फेऱ्या वाया, मग एक पेट. ती लंगडी ठकठक कानाला ओळखीची असते. वाया गेलेल्या प्रत्येक फेरीतलं ऑइल न जळता बाहेर, आणि इंजिन थंड राहिल्यामुळे काही ऑइल क्रँककेसच्या तळाशी साचतं. रेस दिली की हे साचलेलं सगळं एकदम वर येतं. तासन्‌तास स्लोवर गळ ओढत फिरणाऱ्यांनी दर दहा-पंधरा मिनिटांनी मिनिटभर रेस वाढवून इंजिनाला घसा खाकरू द्यावा. एवढ्यानेच निम्मी तक्रार मिटलेली मी पाहिली आहे.

रंग आणि वेळ

निळसर पांढरा आणि जळक्या ऑइलचा वास असलेला धूर ऑइलचा. काळा धूर पेट्रोल जास्त जात असल्याचा: चोक अर्धवट अडकलेला, कार्ब्युरेटरमधला फ्लोट खाली अडकलेला, किंवा थंड मोटरीला जादा पेट्रोल देणारा प्रायमर गळणारा. शुभ्र पांढरा, लगेच विरून जाणारा आणि वास नसलेला धूर म्हणजे बहुतेक वाफ. थंड हवेत ती साहजिक आहे. पण मोटर गरम झाल्यावरही येत राहिली आणि एखाद्या प्लगवर पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला, तर हेड गास्केट, म्हणजे सिलिंडर आणि त्याच्या झाकणामधली सीलबंद पट्टी, बघा. तिथे ऑइलचा विचारही करू नका, कारण पाणी क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत पोचलं की खर्च वेगळ्याच पातळीवर जातो.

धूर कधी येतो हे रंगाइतकंच बोलकं असतं. सकाळी पहिली दोन-तीन मिनिटं आला आणि थांबला, तर रात्रभर तळाशी उतरलेलं ऑइल जळतंय. महिनोन्‌महिने ठेवून दिलेली मोटर, त्यातही ठेवताना सिलिंडरमध्ये गंजरोधक ऑइल फवारलेलं असेल, तर पहिल्या दिवशी भरपूर धूर सोडणारच. मोटर आडवी करून गाडीतून आणली असेल तरीही. याला दुरुस्ती नाही, लागतही नाही.

आणि एक फसवी गोष्ट. मोटर पाण्याबाहेर, पाणी देणारे रबरी कप लावून चालवली की धूर नेहमीपेक्षा दुप्पट दिसतो. पाण्यात असताना रेसवरचा बहुतेक एक्झॉस्ट पंख्याच्या मधल्या पोकळीतून पाण्याखाली सुटतो आणि डोळ्याला दिसतच नाही. स्लोवर तो पाण्याच्या वरच्या छोट्या भोकातून येतो. त्यामुळे अंगणातल्या धुरावरून मोटरीचा निकाल लावू नका. बंद शेडमध्ये तर मोटर चालवूच नका. धूर निदान दिसतो, कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. वारा मागून असेल आणि होडी सावकाश चालली असेल, तेव्हा हाच वायू उघड्या पाण्यावरही होडीत बसलेल्यांच्या तोंडावर येतो.

मापाचा हिशोब

इथे सगळ्यात जास्त चुका होतात आणि इथेच सगळ्यात कमी लोक बघतात. ५०:१ म्हणजे पेट्रोलच्या लिटरला २० मिली ऑइल. २५:१ म्हणजे ४० मिली. १००:१ म्हणजे १० मिली. बाटलीच्या झाकणाने, 'दोन झाकणं आणि वर थोडं' असं अंदाजपंचे दाहोदरसे मोजणाऱ्याचं मिश्रण सहज ३५:१ वर जातं. इंजेक्शनच्या सुईविना पिचकाऱ्या किंवा मापाच्या खुणा असलेलं भांडं वापरा.

टाकीत निम्मं जुनं मिश्रण आहे, वरून दहा लिटर पेट्रोल भरलं आणि ऑइल मात्र पूर्ण वीस लिटरचं ओतलं, ही चूक मी स्वतः केली आहे. दुसरी चूक न करता होते. वीस लिटरच्या टाकीत ४०० मिली ऑइल घालून ५०:१ केलं आणि झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा ठेवून टाकी उन्हात राहिली. पेट्रोल उडतं, ऑइल उडत नाही. पाच लिटर उडालं तर उरलेल्या पंधरा लिटरमध्ये तेच ४०० मिली, म्हणजे ३७.५:१. शिवाय उडून जातो तो पेट्रोलचा हलका, चटकन पेटणारा भाग. उरतं ते जड, सुस्त. धूर वाढतो आणि मोटर चालू व्हायलाही कुरकुरते. मिश्रण महिनाभरात संपेल एवढंच करा, आणि मोटर बंद असताना तो स्क्रू पिळून ठेवा.

तिसरी चूक सेकंडहँड मोटर घेणाऱ्यांची. ज्या मोटरीला वेगळी ऑइलची टाकी आणि ऑइल पंप आहे, तिला कुणीतरी पुन्हा मिश्रण केलेलं पेट्रोल पाजतं. पंप आपलं ऑइल देतोच आहे, त्यात टाकीतलं. प्रमाण २५:१ च्या आसपास जातं आणि धूर मावत नाही. याची उलटी बाजू जास्त भयंकर आहे. आधीच्या मालकाने ऑइल पंप काढून टाकलेला असतो, नव्या मालकाला ते माहीत नसतं आणि तो नुसतं पेट्रोल भरतो. अशी मोटर जाम व्हायला वेळ लागत नाही. त्यामुळे पंप चालू आहे की नाही याची खात्री होईपर्यंत मिश्रणच वापरा. तोवरचा धूर सोसा. खात्री करायची रीत साधी आहे: ऑइलच्या टाकीवर कागदी चिकटपट्टी लावून पातळीची खूण करा, मोजून सहा लिटर पेट्रोल जाळा आणि ऑइल किती उतरलं ते बघा. चांगल्या रेसवर चालवलं असेल तर साधारण १२० मिली जायला हवं. स्लोवर बरेच पंप मुद्दाम कमी देतात, तेव्हा ते कमी भरेल. फारच जास्त गेलं तर थ्रॉटलला जोडलेली पंपाची दांडी खुणेवर बसली आहे का ते तपासा. रात्रभर उभ्या मोटरीत ऑइल झिरपत असेल, तर पंपाच्या पुढचा एकदिशा व्हॉल्व्ह गळतोय.

आता तो मोह. धूर होतो ना, मग ऑइलच कमी घालू. नको. उत्पादकाच्या पुस्तकात जे प्रमाण लिहिलंय त्याखाली उतरू नका. गनमेटल बुशवर चालणाऱ्या फार जुन्या मोटरींना तर ५०:१ सुद्धा कमी पडतं. नव्या किंवा नुकत्याच बोअर केलेल्या इंजिनाला रुळेपर्यंत पुस्तकं बहुधा दुप्पट ऑइल सांगतात. पहिल्या दहा-एक तासांचा तो धूर ठरल्याप्रमाणेच असतो. बेअरिंग गेल्यावर मोटर धूर सोडत नाही हे खरं, पण मग ती काहीच करत नाही.

माझ्या मोटरीत निघालेले दोन दोष

पहिला थर्मोस्टॅट. पाण्याने थंड होणाऱ्या मोटरीत तो इंजिन ठरावीक उष्णतेला येईपर्यंत पाणी अडवतो. बऱ्याच मोटरींत तो ५० ते ६० अंश सेल्सिअसच्या दरम्यान उघडतो आणि आकडा बहुधा त्याच्यावरच कोरलेला असतो. माझ्या मोटरीत वाळूचा एक कण त्याच्या तोंडात अडकला होता. थर्मोस्टॅट कायमचा उघडा, इंजिन कायमचं गारठलेलं. सगळ्यांचं लक्ष असतं मोटर तापते का याकडे, मोटर गार राहते का हे कुणी बघत नाही. टेलटेलची, म्हणजे थंड करणारं पाणी फिरतंय हे दाखवणारी बाहेरची धार जोरात येते म्हणून मीही खुशीत होतो. ओळखायची खूण अशी: होडी पाण्यात बांधून दहा मिनिटं स्लोवर चालवल्यावर हेडला हात लावा. दोन सेकंदांत हात काढावासा वाटला तर ठीक. हेड कोमट असेल आणि हात आरामात ठेवता येत असेल, तर थर्मोस्टॅट काढा. दोरा बांधून पातेल्यातल्या पाण्यात सोडा, पाणी तापवा, थर्मामीटर धरा आणि किती अंशाला उघडतो ते बघा. गार पाण्यातच उघडा असेल तर प्रश्नच मिटला. काही मोटरींत त्याच्या शेजारी दाबावर उघडणारा आणखी एक स्प्रिंगचा व्हॉल्व्ह असतो. त्यातही वाळू आणि मीठ अडकतं. काही लहान मोटरींना थर्मोस्टॅट नसतोच, त्यांच्यात शोधत बसू नका.

दुसरा दोष कुणाच्या फारसा बोलण्यात नसतो. क्रँककेसच्या तळाशी साचलेलं ऑइल उचलून इंजिनात दुसऱ्या जागी परत पाठवणाऱ्या बारीक रबरी नळ्या अनेक आऊटबोर्डना असतात. त्यांत इवलेसे एकदिशा व्हॉल्व्ह असतात. जुन्या ऑइलचा चिकट थर बसला की ते तुंबतात. मग ऑइल साचत राहतं आणि रेस दिली की एकदम उडतं. माझ्या मोटरीची जी तक्रार होती, अर्धा तास स्लोवर चालवून रेस दिली की लोक वळून बघतात, ती हुबेहूब हीच. नळ्या काढून एका बाजूने फुंकलं तर हवा जायला हवी, दुसऱ्या बाजूने जायला नको. माझ्या एका व्हॉल्व्हमधून कुठूनच जात नव्हती. कार्ब्युरेटर क्लीनर मारला, नळ्या कडक झाल्या होत्या म्हणून नव्या घातल्या. नळ्या कुठून कुठे जातात याचा फोटो काढून मगच उपसा. नाहीतर संध्याकाळ कोड्यात जाते.

मग तीन वेळा ऑइल बदलल्यावर पहिल्या दिवशी फरक का जाणवायचा? कारण दर वेळी मी टाकी रिकामी करून ताजं पेट्रोल भरत होतो आणि जाता जाता प्लगही साफ करत होतो. श्रेय ऑइलला जात होतं.

बाकीचे दोष थोडक्यात. दोनपैकी एक सिलिंडर धड चालत नसेल तर त्याच्या वाट्याचं सगळं मिश्रण न जळता बाहेर येतं, आणि लहान मोटर अशीही चालत राहते, फक्त जोर कमी. दोन्ही प्लग काढून शेजारी ठेवा. एक कोरडा तपकिरी आणि दुसरा काळा ओला असेल तर ओल्याच्या मागे लागा. चालू मोटरीचा प्लगकॅप ओढून बघू नका, इग्निशनचं इलेक्ट्रॉनिक युनिट उडू शकतं. बंद करा, कॅप काढून बॉडीला नीट अर्थ करा, मग चालू करून बघा. एकाच सिलिंडरचा प्लग पुन्हापुन्हा ओला होत असेल आणि ठिणगी चांगली असेल, तर पेट्रोल पंपाचा पडदा उघडून बघा. हा पंप क्रँककेसच्या दाबावर हलतो. पडद्याला चीर गेली की पेट्रोल त्या वाटेने सरळ क्रँककेसमध्ये ओढलं जातं. कार्ब्युरेटर कितीही खोलला तरी हे सापडत नाही. कम्प्रेशन दोन्ही सिलिंडरांचं मोजा. फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या वर असेल तर रिंगा काजळीत अडकल्या असतील. काजळी काढणारा स्प्रे मारल्यावर आधी भयंकर धूर होईल, शेजाऱ्यांना सांगून ठेवा.

मोटरसायकलवाले क्रँकच्या सीलवर संशय घेतात, कारण त्यांच्याकडे सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल पितं. आऊटबोर्डचे गिअर खाली पंख्याजवळ, इंजिनापासून दूर असतात, त्यामुळे ते ऑइल धुरात येत नाही.

रॉकेलवर चालणाऱ्या मोटरींचं वेगळं. रॉकेलची वाफ उशिरा होते, म्हणून त्या पेट्रोलवर चालू करून पुरत्या गरम झाल्यावरच रॉकेलवर न्यायच्या आणि बंद करण्याआधी पुन्हा पेट्रोलवर आणायच्या. घाईने वळवलं तर डोळे झोंबवणारा जो धूर येतो, त्यात ऑइलइतकंच न जळलेलं रॉकेल असतं.

आता ऑइल

बाटलीवर पहिल्यांदा शोधायची अक्षरं टीसी-डब्ल्यू३. टीसी म्हणजे टू-सायकल, डब्ल्यू म्हणजे पाण्याने थंड होणारं इंजिन. अमेरिकेतली नॅशनल मरीन मॅन्युफॅक्चरर्स असोसिएशन हे प्रमाणपत्र देते आणि खऱ्या नोंदणीच्या ऑइलवर 'आरएल'ने सुरू होणारा क्रमांक छापलेला असतो. 'टीसी-डब्ल्यू३ योग्य' असं नुसतं मोघम लिहिलेलं आणि क्रमांक नसलेलं ऑइल मी घेत नाही. नुसतं टीसी-डब्ल्यू किंवा टीसी-डब्ल्यू२ ही जुनी मानकं आहेत. जुन्या मोटरीलाही टीसी-डब्ल्यू३ चालतं, तिच्यासाठी जुन्या मानकाचं ऑइल हुडकण्याची गरज नाही.

हे मानक का पाळायचं? पाण्याने थंड होणारं इंजिन तुलनेने गार चालतं, म्हणून त्याचं ऑइल राख न सोडणारं बनवतात. मोटरसायकल आणि करवतीची इंजिनं हवेने थंड होतात, जास्त तापतात, त्यांच्या ऑइलमध्ये पिस्टन स्वच्छ ठेवायला कॅल्शियमसारख्या धातूंची संयुगं घालतात. ती जळली की राख उरते. आऊटबोर्डमध्ये ही राख पिस्टनच्या माथ्यावर आणि प्लगवर बसते, तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. पिस्टनला भोक पडण्याचं हे एक नेहमीचं कारण आहे. उलट टीसी-डब्ल्यू३ ऑइल करवतीत घातलं तर तिथल्या उष्णतेला ते पुरत नाही.

पण एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टीसी-डब्ल्यू३च्या चाचण्यांचा सगळा भर वंगण, रिंगा न अडकणं, वेळेआधी पेट न घेणं, गंज, ऑइल पेट्रोलमध्ये मिसळणं आणि दुसऱ्या ऑइलबरोबर न गोठणं यांवर आहे. मोटर टिकेल याची ती खूण. धूर कमी होईल अशी हमी तिच्यात नाही. म्हणून एकाच मानकाची दोन ऑइलं धुराच्या बाबतीत जमीन-अस्मानाचा फरक दाखवू शकतात.

धूर मोजणारं मानक जपानचं, जासो. त्यात एफबी, एफसी, एफडी अशा पायऱ्या आहेत. धुराचा निर्देशांक ठरावीक संदर्भ-ऑइलशी तुलना करून काढतात आणि आकडा जितका मोठा तितका धूर कमी. एफबीला किमान ४५ लागतात, एफसीला ८५ आणि एफडीलाही ८५च. म्हणजे एफसीपेक्षा एफडीचा धूर कमी, ही समजूत चुकीची. एफडीत वाढते ती स्वच्छता. आणि या चाचण्या हवेने थंड होणाऱ्या छोट्या इंजिनांवरच्या, त्यामुळे नुसतं एफडी लिहिलेलं मोटरसायकलचं ऑइल धूर कमी करतं म्हणून आऊटबोर्डमध्ये ओतणं हा तोट्याचा व्यवहार. धूर जाईल, राख येईल. टीसी-डब्ल्यू३ नोंदणी आणि जोडीला जासो एफसी किंवा एफडी, दोन्ही ज्या बाटलीवर आहेत ती उचला. अशी ऑइलं मिळतात.

जासोचा उल्लेखच नसेल तर ऑइल कशापासून बनलंय ते बघायचं. स्वस्त मिनरल ऑइलांत दाटपणासाठी ब्राइट स्टॉक नावाचं जड खनिज तेल असतं. ते उशिरा आणि अर्धवट जळतं, आणि निळा ढग बराचसा त्याचाच. कमी धुराच्या ऑइलांत त्याच्या जागी पॉलिआयसोब्युटिलिन घालतात. याची गंमत अशी की तापल्यावर त्याच्या लांब साखळ्या सुट्या होऊन वायू बनतो आणि तो पेट्रोलसारखाच जळून जातो, मागे काही उरत नाही. बाटलीवर हे नाव बहुधा नसतं, उत्पादनाच्या माहितीपत्रकात असतं. ते वाचण्याची पाच मिनिटं वाया जात नाहीत.

तिसरा प्रकार एस्टरवर आधारित सिंथेटिक ऑइलांचा. धूर कमी, धातूला चिकटून राहण्याचा गुण चांगला, आणि त्यांतली बरीच पाण्यात लवकर विघटन होणारी. तळ्यात किंवा बंदिस्त पाण्यात चालवणाऱ्यांनी याच कारणाने त्यांचा विचार करावा. खोट एवढीच की एस्टर हवेतला ओलावा ओढतं. महिनोन्‌महिने पडून राहणाऱ्या मोटरीत ठेवण्यापूर्वी गंजरोधक ऑइल फवारायला विसरू नका. 'सिंथेटिक' आणि 'सेमी-सिंथेटिक' हे शब्द मात्र सैलपणे वापरले जातात, नुसत्या शब्दावर जास्त पैसे मोजू नका.

ऑइलचा निळा, हिरवा, लाल रंग हा निव्वळ मिसळलेला रंग. पेट्रोलमध्ये ऑइल घातलंय की नाही हे कळावं एवढाच त्याचा उपयोग, आणि तो मोठा आहे.

गाडीचं फोर-स्ट्रोक इंजिन ऑइल वापरणारेही भेटतात. ते पेट्रोलमध्ये नीट मिसळत नाही, तळाशी बसतं, जळताना दाट धूर करतं आणि त्यातल्या धातूंची राख वेगळीच. एरंडेलाचं ऑइल शर्यतीच्या इंजिनांत चाललं, कारण ती इंजिनं दर थोड्या दिवसांनी खोलली जातात. तुमच्या मोटरीत ते रिंगांना गोंदासारखं धरेल. आणि थेट इंधन फवारणारी नवी टू-स्ट्रोक असेल तर वरचं सगळं विसरून उत्पादकाने सांगितलेलंच ऑइल घाला. त्या मोटरी मुळातच थोड्या ऑइलवर चालतात, तिथे प्रयोगाला जागा नाही.

दोन कंपन्यांची टीसी-डब्ल्यू३ ऑइलं एकमेकांत मिसळली तरी बिघडत नाही. टीसी-डब्ल्यू३ आणि हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचं ऑइल मात्र एका टाकीत एकत्र करू नका. जेलीसारखा गोळा होऊन पंपाची जाळी बंद पडू शकते.

नवं ऑइल घातल्यावर निकाल काढायची घाई नको. एक्झॉस्टच्या पोकळीत जुन्या ऑइलचा थर असतो, तो तापून धुराच्या रूपाने जायला दोन टाक्या तरी लागतात. तोवर प्लग बदलू नका, कार्ब्युरेटरला हात लावू नका, एका वेळी एकच गोष्ट बदला. फोटो काढायचा तर मोटर पाण्यात, पंधरा मिनिटं गरम झालेली, स्लोवर, आणि मागे काळोखी पार्श्वभूमी असताना दर वेळी त्याच जागेवरून. माझ्या मोटरीचे दोष काढल्यावर मी शेवटी पॉलिआयसोब्युटिलिनवालं ऑइल ठेवलं, प्रमाण ५०:१च. गरम झाल्यावर आता स्लोवर पुसटशी रेघ दिसते, ऊन समोरून असेल तर. सकाळची पहिली दोन मिनिटं मात्र ढग येतो, आणि तेवढ्यात मी दोर सोडून घेतो.